डबा बदलला अन् मी माळवदकर झालो

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हंजे टीव्हीचा डबा बदलणं. सुरुवात चापट्यांनी झाली. तिची मालिका ऐन सासू-सुनेच्या भांडणात बंद पडली. मी डब्याला उजवीकडून एक हाणली, तिनं डावीकडून. मग ती म्हणली, "तुमची लय जोरात बसली. मेला तो." दुपारी गावावर वीज कडाडली होती, डब्यातून जळका वास येत होता, पर खुनी मी ठरलो.

मला म्हणली, "वर जा अन् टीव्हीची छत्री बघा, ती बी जळली का." मी माळवदावर चढलो. छत्री धडधाकट होती, पर वारं सुटलं होतं म्हणून तिला धरून उभा राह्यलो. खाली हिनं कंपनीला फोन लावला. फोन कानाला लावला की कान तापतो म्हणायची, म्हणून कायम स्पीकरवर टाकायची. वर धुराड्यातून मला समदं ऐकू येत होतं. तिकडची पोरगी कुठली तरी लांबची असावी, शिकून घेतलेलं मराठी बोलत होती.

"मॅडम, जुनं कनेक्शन दुकानदाराच्या नावावर आहे. नव्या डब्यासाठी मालकाचं नाव लागेल. कोणाचं टाकू?"

"आमच्या ह्यांचं."

"बरं. पहिलं नाव आमचे?"

"आमचेच की बाई. दुसऱ्या कुणाचे?"

"मधलं नाव?"

"हे. हेच की. आता माळवदावर हायत, छत्री धरून उभे हायत."

"माळवदकर. धन्यवाद मॅडम, डबा उद्या येईल."

मी वर एकटा हसायलो. खालून हिचा आवाज आला, "काय झालं दात काढायला? छत्री हालली न्हाई पायजे."

आता ज्यांला ठावं न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं जुन्या बाया नवऱ्याचं नाव तोंडातून काढत न्हाईत. हिनं ते एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात, ते बी नणंदांनी दार अडवलं म्हणून. ब्यांकेत साहेबानं नवऱ्याचं नाव इचारलं तर शेजारी उभ्या बाईला म्हणली, "तूच सांग माय, तुला ठावं हाय." आणि माझं नाव देवाचं. आरतीत ते आलं की ही गप व्हायची अन् पुढच्या शब्दाला पुन्हा धरायची. देवाला काय वाटत आसंल, हे मी एकदा इचारलं. म्हणली, "देवाला कळतंय. तुमाला कळत न्हाई."

नवा डबा आला. तिनं त्याच्यावर विणलेला रुमाल टाकला. मालिकेतली सून घर सोडून जाती का न्हाई, यावर आमची दोनचार संध्याकाळी भांडणं झाली. त्यानंतरच्या गोष्टी परभणीच्या दवाखान्यातल्या हायत. त्यांला मी साधं धरत न्हाई, म्हणून इथं लिहीत न्हाई. दवाखान्यातून मी एकटा आलो.

तेरावं झालं, पाव्हणे गेले. संध्याकाळी डब्याचा लाल दिवा माझ्याकडं टकाटका बघायचा. टीव्ही लावावा तर शेजारी भांडायला कुणी न्हाई, न लावावा तर दिवा डोळा मिटत न्हाई. मी ठरवलं, हे सामान घरातनं काढायचं. एष्टीनं पालमला गेलो अन् छत्री बसवलेल्या दुकानदाराला म्हणलो, "छत्री उतरवून ने."

"मामा, आता न्हाई उतरवता येत. तुमचा करार वाढलाय."

"कुणी वाढिवला?"

"डबा बदलला की आपोआप वाढतो. नवा डबा फुकट दिला ना कंपनीनं? मग त्या दिवसापासून नवी मुदत. पुढच्या पोळ्याच्या पुढच्या पोळ्यापर्यंत तुमी बांधलेले."

"आरं, चपलेचा अंगठा तुटला म्हणून नवा बसवला. आता चपलेनं मला सांगायचं का, आणखी दोन वर्सं मलाच घाला म्हणून?"

"मामा, मला काय सांगता? कंपनीला सांगा." आणि त्यानं फोन लावून, स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला.

"नमस्कार! मी श्री. आमचे माळवदकर यांच्याशी बोलत आहे का?"

दुकानदारानं चहा कपात सोडला का नाकात, ते त्यालाच ठावं. मी म्हणलो, "बोल बाई, मीच तो."

"आमचे सर, करार मुदतीआधी बंद करायचा तर आपलं आधार कार्ड लागेल."

"आधारवर येगळं नाव हाय."

"मग सर, आपण आमचे सर नाही."

"आगं, मी तिचा हे होतो. तिच्यासाठी मी आमचे हे होतो. तुझ्यासाठी न्हाई."

"कोणाचे, सर?"

आता हिला काय सांगावं? मी म्हणलो, "जी बोलली होती तुझ्याशी, तिचा."

"मग मॅडमना फोन द्याल का? त्यांनी आपली ओळख सांगितली तरी चालेल."

मी फोन दुकानदाराच्या हातात दिला अन् बाहेर जाऊन उभा राह्यलो. समोर कांद्याची गाडी उतरायली होती, ती बघत.

थोड्या वेळानं दुकानदार आला. चांगला माणूस हाय. म्हणला, "मामा, मार्ग निघाला. या नावाचा माणूस आपल्या गावात न्हाई, कधी नव्हताच, आसं एकदा तुमच्या तोंडून आलं की करार खोटा ठरतो. डबा काढून नेतील, छत्री बी. सांजच्याला तपासणीचा फोन येईल. तुमी फक्त 'न्हाई' म्हणा. दुसरं काही बोलू नका. तुमाला बोलायची लय सवय हाय."

घरी आलो तर मेव्हणी भाकरी घेऊन बसली होती. बायकोची धाकटी बहीण, गावातच दिलेली. जीभ बहिणीच्या वरचढ. तिला समदं सांगितलं. ती हसून हसून पदर तोंडात कोंबायली.

"माळवदकर! दाजी, पाटी लावा की दारावर."

"हस. आज फोन आला की मोकळा होतो."

"व्हा बाई मोकळे. मला बी ते लाल डोळ्याचं बघवत न्हाई. आक्का बसल्यावाणी वाटती तिथं."

फोन आला. मी बी स्पीकरवर टाकला. तीच पोरगी का दुसरी, कळलं न्हाई, समद्या एकाच आवाजात बोलत्यात.

"सर, हा तपासणीचा कॉल आहे. या पत्त्यावर आमचे हे माळवदकर नावाची व्यक्ती राहते का? हो किंवा नाही, एवढंच सांगा. नाही असल्यास करार रद्द होईल आणि हे नाव कायमचं काढून टाकलं जाईल."

मेव्हणीनं मान डोलवून खूण केली, न्हाई म्हणा, न्हाई.

सोपं होतं. तोंड उघडायचं अन् न्हाई म्हणायचं. जन्मभर मी समद्यांला न्हाईच म्हणत आलोय. सरपंचाला, जावयाला, डाक्टरला. पर आमच्या हिनं जन्मात एकदाच माझं नाव सरकारीवाणी लिहून दिलं, ते बी आसं. गावात मला कुणी बाप्पू म्हणतं, कुणी म्हातारा. आमचे हे म्हणणारी एकच होती. आन् मीच आता सांगू, की आसा माणूस कधी नव्हताच?

"सर? ऐकू येतंय का?"

"हाय," मी म्हणलो. "राहतो. बोलतोय."

"आपण स्वतः आमचे हे माळवदकर?"

"सोताच."

"आधार कार्ड—"

"बंद करायला लागतंय का चालू ठेवायला बी?"

"चालू ठेवायला काही लागत नाही सर."

"मग ठेव चालू."

"धन्यवाद, आमचे सर. आपला दिवस शुभ जावो."

मेव्हणीनं कपाळावर हात मारला. "याड लागलं का दाजी? पोळ्याच्या पोळ्यापर्यंत अडकलाव की!"

"अडकू दे."

"इतकी शिकवणी केली त्या दुकानदारानं."

"त्याला म्हणावं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतंय."

ती भांडी उचलायला उठली. चुलीजवळ तिची पाठ माझ्याकडं होती. तिथनंच म्हणली, "आक्का आसती तर म्हणली आसती, एक काम धड होत न्हाई ह्यांच्याच्यानं." मग तिनं पातेलं लय जोरात आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एष्टीनं मी पुन्हा पालमला गेलो. दुकानदार शटर वर करत होता. मला बघून त्यानं दोन्ही हात जोडले.

"मामा, एक शब्द होता. एक. तो बी जमला न्हाई?"

"न्हाई जमला. आता रिचार्ज मार. आणि ते कुस्तीचं चॅनेल टाक, तिनं कधी बघू दिलं न्हाई."

"आन् मालिकेचं काढू का?"

"काढू नको. ती सून अजून घर सोडायचीय."

त्यानं मशीन काढलं, बोटं चालवली. मी बाकड्यावर बसून बिस्किटाचा पुडा फोडला.