ड्रायक्लीनरची तहानलेली झाडं

पडदा वर जातो. डावीकडे दुकानाचा मागचा दरवाजा, त्यातून इस्त्रीची ऊब येते आहे. उजवीकडे कमरेएवढी भिंत आणि पलीकडे लोखंडी झाकण घातलेली विहीर. मधोमध पॉप्लरची सात कोवळी झाडं. त्यांच्यात पाठीमागे झारी लपवून उभा असलेला, सत्तरीतला एक माणूस.

हा आमचा ड्रायक्लीनर. चाळीस वर्षं रंगमंचावरच्या माझ्या राण्या आणि भिकारणी याच्या हातून धुऊन निघाल्या. "राणीसरकार, रक्ताचा डाग परवडला, पण तुमच्या ओठांची लाली नको," असं म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी कॉलर लख्ख करून द्यायचा.

कपडे धुऊन मळलेलं रसायन तो परसात ओतायचा. उडून जातं, असंच तेव्हा सगळे समजत. थोडं उडालंही. बाकीचं जमिनीत मुरत मुरत भिंतीपलीकडच्या विहिरीत उतरलं. ती विहीर त्याच्या थोरल्या बहिणीची. पाणी तपासलं गेलं, विहिरीवर झाकण बसलं, आणि अक्कानं भावाशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच झालं तर ती मांजराला सांगे, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं.

मग पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली एक मुलगी आली आणि जमिनीतलं रसायन शोषून घ्यायला तिनं ही झाडं लावली. तीन वर्षांत पाण्यात फरक दिसला नाही तर विहीर बुजवायची, असं ठरलं होतं.

"झाडाला मोरी नसते, काका," तिनं समजावलं. "आपल्यासारखं नको ते बाहेर टाकता येत नाही. मुळांतून आलेल्या विषाची ते आधी मोडतोड करतं. मग त्याला साखरेचा रेणू जोडतं, म्हणजे त्याचा जोर जातो. आणि शेवटी पेशीच्या आतल्या कोठडीत त्याला कोंडून ठेवतं. काही तर पेशीच्या भिंतीतच चिणून टाकतं."

"म्हणजे मी केलेली घाण ते पोटात घेऊन उभं राहणार?"

"हो. मजेत."

तो हसला नाही.

दोन वर्षं झाली. मुलीनं खोडाला बारीक भोक पाडून लाकूड काढलं, पानं नेली, तपासली. त्यांत रसायन काहीच नव्हतं. झाडं मात्र अशी तरारलेली की बघत राहावं.

आणि त्याच आठवड्यात मी त्याला झारीसकट पकडलं.

"रोज चार झाऱ्या," तो खाली बघत म्हणाला. "पहाटे. आयुष्यभर विषच प्यायचं का त्यांनी? दोन घोट तरी चांगले नकोत?"

मागच्या दारात ती मुलगी उभी होती. तिनं कपाळाला हात लावला. "काका! वर आयतं पाणी मिळालं, तर मुळं खाली कशाला जातील? रसायन बारा फुटांवर आहे! त्यांना तहान लागायला हवी."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्यात भिंतीपलीकडून हसू फुटलं.

"लहानपणीही हा असाच!" अक्का म्हणाली. मांजर आसपास कुठेच नव्हतं. "कुत्र्याचं पोट बिघडलं, एक दिवस उपाशी ठेवा म्हणाले, तर यानं चोरून दूध पाजलं. घरभर निस्तरलं कोणी? मी! आण ती झारी इकडे."

त्यानं भिंतीवरून झारी दिली.

तो उन्हाळा त्याला जड गेला. दुपारी पानं माना टाकत, तेव्हा हा परसाकडे पाठ करून इस्त्री करी. पानगळ झाली की गुडघ्यांवर बसून पान न् पान वेचायचा आणि पोत्यांत भरून प्रयोगशाळेकडे पाठवायचा. जाळू द्यायचा नाही, शेळीला घालू द्यायचा नाही. तिसऱ्या वर्षी लाकडात ते सापडलं, साखरेला बांधलेलं, बंदोबस्तात. विहिरीतल्या रसायनाचा आकडा निम्म्यावर आला. झाकण राहिलं, पण बुजवण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

मी त्याला शेवटचं भेटायला गेले, तेव्हा खाट खिडकीशी होती. बाहेर झाडं छपराच्या वर गेलेली. अक्का उशाशी बसून त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. दोन चमच्यांत तो दमला. अक्का पेला घेऊन उठली, तसं त्यानं तिचं मनगट धरलं.

"अक्का, उरलेलं खिडकीतून ओतू नकोस हं. लागू दे त्यांना तहान."