न संपणारी काडतुसं

पोलीस खात्यात इतकी वर्षं काढल्यावर बरेच गुन्हे एकमेकांत मिसळून जातात. वसईजवळच्या नंदाखाल गावची ती फुटलेली बंदूक मात्र वेगळी उरली आहे. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, वसई ठाणे जिल्ह्यातच होती. मी तिथे निरीक्षक होतो.

एका संध्याकाळी नंदाखालच्या एका बागायतदाराच्या हातात त्याची बारा बोअरची बंदूक फुटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. बंदूक वडिलांच्या वेळची, शेतीरक्षणाच्या परवान्यावरची. केळी-चिकूवर येणारी वटवाघळं उठवायला तो ती वापरायचा. इस्पितळात शुद्धीवर येताच त्याने जबाब दिला, "नळीत धाकट्या भावानेच काहीतरी कोंबलं. त्याला मी नकोय."

वैराला कारण होतं. दोघा भावांच्या बागांमध्ये बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठची पट्टी सातबाऱ्यावर धाकट्याच्या नावावर चढली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. शिवाय त्या दुपारी धाकटा थोरल्याच्या अंगणात लोकांनी पाहिला होता. खुनाच्या प्रयत्नाच्या संशयावरून त्याला ताब्यात घेतलं.

तो रडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, रविवारी मुलीचं लग्न आहे. चर्चमध्ये लग्नाची नावं पुकारून झालीत. बाप कोठडीत म्हटल्यावर मुलाकडचे थांबतील का?"

"अंगणात कशाला गेला होतास?"

"आवतण द्यायला. दादा घरात नव्हता. वहिनीने दार उघडलं नाही."

असं काहीतरी प्रत्येक आरोपी सांगतो. मी ऐकून घेतलं आणि पंचनाम्याला गेलो.

थोरल्याच्या कपाटात कंपनीच्या काडतुसांचा डबा निघाला, काठोकाठ भरलेला. माझा हवालदार कौतुकाने म्हणाला, "माणूस नियमाचा पक्का आहे, साहेब. दरवर्षी तपासणीला आणतो तेव्हा डबा असाच भरलेला असतो." शेजारची एक म्हातारी पंच म्हणून उभी होती. तिला सहज विचारलं, बंदूक कधी वाजते का?

"कधी काय विचारता? चर्चची संध्याकाळची घंटा झाली की रोज बार. आम्ही त्याच्यावर भात चढवतो."

मी हवालदाराकडे बघितलं. बंदूक रोज वाजते आणि डबा वर्षानुवर्षं भरलेला राहतो. ही काय द्रौपदीची थाळी होती? हा माणूस वाजवत होता ती काडतुसं नक्कीच दुसरी होती.

पुढचं काम आमच्या खबऱ्याने केलं. वालीवच्या कारखान्यांत एक लेथवाला रिकामी काडतुसं पुन्हा भरून निम्म्या दरात विकतो, अशी बातमी त्याने आणली. छापा घातला, माल मिळाला. लेथवाला आधी म्हणाला, "मी फक्त नट-बोल्ट करतो." फुटलेली नळी त्याच्यासमोर ठेवली आणि त्या माणसाच्या हाताचं काय झालं ते सांगितलं. तेव्हा तो कबूल झाला.

"नंदाखालचे शेठ ना? मी बोललो होतो त्यांना, साहेब, दारू कमी-जास्त पडते, गॅरंटी नाही. ते बोलले, वटवाघळं उडवायचीत, वाघ नाही मारायचा. सीझनचा माल एकदम भरून ठेवतो, किती कमी करशील बोल."

इस्पितळात जाऊन मी तो भरलेला डबा थोरल्याच्या खाटेवर ठेवला. "चांगली तपासणीला दाखवायची आणि स्वस्तातली वाजवायची. असंच ना?"

त्याने डबा बाजूला सारला. मग म्हणाला, "नवी परवडत नाहीत, साहेब. खरं सांगितलं असतं तर परवाना गेला असता. बापाची बंदूक आहे."

"आणि भाऊ गेला असता तो?"

मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. काटकसर कुणीही करतो. पण आपण केलेल्या काटकसरीत सख्ख्या भावाचं घर बुडतंय, हे दिसत असताना हा गप्प पडून राहिला होता.

धाकट्याला शुक्रवारी सोडलं. रविवारी लग्न पार पडलं. थोरल्याला इस्पितळातून सुटल्यावर बेकायदा काडतुसं बाळगल्याबद्दल आणि खोटी माहिती दिल्याबद्दल अटक झाली. न्यायालयाने जामीन दिला, पण जामीनदार मिळेना. भावाला अडकवणाऱ्यासाठी गावातलं कोण पुढे येणार?

त्याच दिवशी दुपारी धाकटा कोर्टात आला. हातात सातबारा होता. मी वाचला, तर तो बावखलाच्या काठच्या त्याच पट्टीचा. ती जामिनाला लावल्यावर थोरला तारखांना आला नसता तर तिच्यावर टाच आली असती.

"हीच आणलीस?"

"घरात हाच कागद हाताला लागला, साहेब," तो म्हणाला, आणि दादाकडे न बघता त्याने सही केली.

पुढे हाताखालच्या पोरांना मी एवढंच सांगत आलो, की माणसाने काय जपून ठेवलंय त्यावर जाऊ नका, तो खर्च काय करतो ते बघा. एकाने काडतुसं जपली आणि भाऊ खर्ची घातला. दुसऱ्याने काय केलं ते मी कोर्टात पाहिलं.

खटला बरीच वर्षं चालला. थोरल्याने एकही तारीख चुकवली नाही.