खालच्या काकूंचा प्रश्न

"ऑपरेशन तुमचं झालं. मग मला कशाला वेगळं झोपवता?"

जिन्यात बसून बूट घालताना हे माझ्या कानावर पडलं. सकाळचे पावणेसात वाजले होते आणि हेब्बाळला जाणारी कंपनीची बस सातला कोपऱ्यावर यायची. खालच्या घराचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. काकू हातात उशी घेऊन हॉलमध्ये उभ्या होत्या आणि काका दिवाणावर पेपर धरून बसले होते. पेपरचं पान काही उलटत नव्हतं. मी दुसरा बूट हातात घेऊनच फाटकाबाहेर पळाले.

'खालच्या काकू' हे नाव माझंच. दीड वर्ष मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, म्हैसूरचं. बोलणं मराठी, पण त्यात दर चार शब्दांमागे एक कन्नड. घरात चार खुर्च्या होत्या, तरी काकूंना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. भाजी उभ्याने चिरायच्या, फोनवर फेऱ्या मारत बोलायच्या, आणि मनात आलेलं तिथल्या तिथे विचारून टाकायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तुला कोणी मित्र आहे का? नसला तरी चालेल, सुम्ने विचारलं." सुम्ने म्हणजे उगाच. पण काकू उगाच काही विचारत नसत.

मी अगदी वेगळ्या घरातली. आमच्याकडे आजारांची नावंसुद्धा इंग्रजीत आणि हळू आवाजात घेतली जायची. काकू मात्र काकांना भेटायला आलेल्या प्रत्येकाला दारातच सांगायच्या, "प्रोस्टेटचा कॅन्सर होता. काढून टाकला. आता लघवीवर ताबा यायचाय फक्त, बाकी आयतु, सगळं बरं झालं." काका तोवर आतल्या खोलीत गेलेले असायचे.

एका रविवारी टी. नरसीपूरला संगमावर जायचं ठरलं. काकूंचा नवस होता. काका येईनात, कारण अजून पॅड लावावा लागत होता. काकू म्हणाल्या, "लोक तान्ही बाळं घेऊन येतात. त्यांच्या पिशवीत काय पोथ्या असतात?" शेवटी आम्ही तिघं बसने निघालो. अर्ध्या वाटेत काका अस्वस्थ झाले. काकू ताडकन उठल्या आणि ड्रायव्हरपर्यंत पोचेल अशा आवाजात कन्नडमध्ये म्हणाल्या, "बस थांबवा, आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालंय!" बस थांबली. सगळी डोकी काकांकडे वळली. परतताना काका आमच्यापासून तीन सीट पुढे, एकटे बसले. घरी आल्यावर त्यांनी आपलं अंथरूण बेडरूममधून हॉलच्या दिवाणावर आणलं.

तेव्हापासून काकूंचं फिरणं वाढलं. आज कपाट हलव, उद्या टेबल खिडकीखाली ने. पूर्वी दोघांत मिळून एक फिल्टर कॉफी असायची. काका लोट्यातून प्यायचे, उरलेली काकू खालच्या वाटीतून. मला ते पाहताना उगाच नजर वळवावीशी वाटायची. आता काका स्वतःचा वेगळा कप मागू लागले. काकू लोटा-वाटी दोन्ही भरून घ्यायच्या आणि अर्धी कॉफी सिंकमध्ये ओतायच्या.

एका शनिवारी काका फिरायला गेले असताना त्या इस्पितळाची पुस्तिका घेऊन वर आल्या. पुस्तिका इंग्रजीत होती आणि काकूंचं शिक्षण कन्नडमध्ये झालेलं. "वाच गं पुट्टी, पोरी, सगळं वाच." मी वाचत गेले. वजन उचलू नका, रोज चाला, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असे करा. पुढच्या पानावर मोठा मथळा होता, शरीरसंबंधांविषयीचा. माझे कान तापले. मी म्हटलं, "पुढे सगळं तेच आहे, काकू."

त्यांनी मथळ्यावर बोट ठेवलं. "तेच तेच कोणी इतक्या जाड अक्षरात छापतं का?"

"ते... डॉक्टरांसाठी आहे," मी म्हणाले. काकू पुस्तिका माझ्याच टेबलावर ठेवून खाली गेल्या.

ते पान मी एकटीने दहादा वाचलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की ताठरता परत यायला महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त. पूर्वीसारखं सगळं होईलच असं नाही, पण औषधं आहेत, साधनं आहेत. तोवर शेजारी झोपणं, जवळ घेणं, हात फिरवणं सोडू नका, आणि दोघं मिळून डॉक्टरांशी बोला. बसमध्ये, कामावर, मीटिंगमध्ये ते पान माझ्या डोक्यात फिरत राहायचं. खालच्या दोन माणसांना हवी असलेली गोष्ट माझ्या टेबलावर पडून होती आणि मी तोंड चुकवून जिना उतरत होते.

पुढच्या आठवड्यात काकांनी काकूंना हुबळीला मुलीकडे पाठवायचं ठरवलं. भाडं द्यायला मी दारात उभी होते, माझ्यासमोरच म्हणाले, "जा तू. चार-सहा महिने राहा. इथे तुला माझा काय उपयोग?"

काकू खुर्चीवर बसल्या. मला ते पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, तिथे मी पुस्तिका घेऊन गेले. "काकू, मी एक पान गाळलं होतं. मला लाज वाटली."

"ते मला कळलं होतं. आता वाच."

चादरीच्या आडोशाला उभी राहून, त्यांच्याकडे न बघता, मी ते पान मराठीत सांगितलं. शब्द सापडेना तिथे अडखळले, पण काही गाळलं नाही. काकूंनी ओला टॉवेल छातीशी धरला होता. "हात फिरवणं सोडू नका, असं लिहिलंय?"

"हो."

"मग सोमवारी ह्यांच्या तपासणीला तूही चल आणि हे डॉक्टरसमोर काढ. मी बोलले की ह्यांना पुन्हा ती बस आठवेल. मी दया करते असं वाटतं त्यांना. दया कसली? चाळीस वर्षं शेजारी झोपलेय. मला झोप लागत नाही."

सोमवारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं ओळीने बसलो. रिपोर्ट चांगले होते. "आणखी काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं. "काही नाही, सगळं ठीक," काका घाईने म्हणाले. डॉक्टरांनी फाइल मिटली. काका उठायला लागले. कुणालाही, काहीही विचारणाऱ्या काकू पदराचं टोक मुठीत धरून जमिनीकडे पाहत होत्या.

मी इंग्रजीत वाक्य जुळवून आणलं होतं. पण ते काकूंपर्यंत पोचलं नसतं. मी काकांकडे वळून म्हणाले, "काका, थोडं बसा ना." ते बसले. मग डॉक्टरांकडे बघून, काकूंनाही कळावं म्हणून माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डॉक्टर, काकूंना काकांच्या शेजारी झोपायचंय. दोघांनी पुन्हा जवळ यायचं, तर सुरुवात कुठून करायची?"