फिल्टरच्या घड्या

मोहाडीत आमच्या शेजारी राहणारे काका विमान चालवायला शिकवणाऱ्या केंद्रात मेकॅनिक आहेत. कामाचं विचारलं की म्हणतात, "ऑइल बदलतो, दुसरं काय."

माझी मुलगी तिथेच शिकते. ती पहिल्यांदा एकटी उडणार होती, त्या दिवशी मीही गेलो होतो. काकांनी इंजिन थोडं चालवून गरम केलं, मग काळं ऑइल काढलं. जुना फिल्टर फेकला नाही. तो कापून आतल्या कागदाची एकेक घडी उन्हात उलगडून पाहिली. एका घडीत बारीक कण चमकले. चुंबक जवळ नेताच त्याला चिकटले.

"हे विमान आज उडत नाही," काका म्हणाले.

"काहून? काल तं बरं चाललं," केंद्राचे साहेब म्हणाले. "उडवायच्या कागदावर सही करा."

"इंजिन आतून घासून राहिलं, साहेब. मले सही करता येत नाही."

मुलगी रडवेली झाली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, पण पेन उचललं नाही.

इंजिन उघडलं तेव्हा आतला भाग खरंच झिजलेला निघाला. दुरुस्तीनंतर ती त्याच विमानातून एकटी उडाली आणि उतरल्यावर माझ्याआधी काकांकडे गेली.

गावात लोक मुलीचं कौतुक करतात, तेव्हा मी आधी काकांचं सांगतो.