दोन बोटांचा आधार

कामाग्वे शहरातल्या सांस्कृतिक भवनात बॅलेच्या सरावासाठी भिंतीला लावलेला लाकडी दांडा टेकायला नाहीच, असं नेरेइदा बाकायाओचं ठाम मत होतं. त्याला दोन बोटं लावायची आणि तोल आपला आपण सांभाळायचा. एकतीस वर्षं तिनं बॅले शिकणाऱ्या पोरींना हेच सांगितलं आणि पोरींनी ते ऐकलं. आता चौसष्टाव्या वर्षी ती हेच अकरा बायकांना सांगत होती आणि त्यातली एक ऐकेल तर शपथ.

नवव्या वर्षी उसाच्या मळ्यावरच्या वस्तीतून बॅले शाळेच्या परीक्षकांनी तिला निवडून शहरात आणलं होतं. पुढे चौदा वर्षं ती बॅलेच्या प्रयोगांत मागच्या रांगेत नाचली, मग गुडघा गेला आणि ती शिकवू लागली. निवृत्त झाल्यावर भवनाच्या संचालकांनी गळ घातली, की आळीतल्या बायकांसाठी सकाळचा व्यायामवर्ग घ्या, बॅलेचाच, पण जरा सोपा. सोपा हा शब्द कानावर पडला तेव्हाच आपण उठून जायला हवं होतं, असं तिला रोज वाटे.

बायका दांड्यावर पिशव्या अडकवत. ओले टॉवेल वाळत घालत. मिग्दालिया तर दोन्ही कोपरं टेकून जावयाच्या तक्रारी सांगे आणि पाय हलवायचं विसरून जाई. ही मिग्दालिया रेल्वेच्या वर्कशॉपात बावीस वर्षं वेल्डर होती. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. एप्रिलमधल्या एका मंगळवारी ती अशीच टेकली आणि दांडा खुंट्यांसकट, गिलाव्याच्या ढलप्या घेऊन खाली आला.

नेरेइदानं कार्यालयात तीन अर्ज दिले. स्क्रू नाहीत, वाट पाहा, एवढंच उत्तर तिन्ही वेळा मिळालं. वर्ग बंद पडेल, निदान डोकं तरी शांत राहील, असं तिला वाटलं होतं. पण बायका खुर्च्या धरून व्यायाम करू लागल्या, आणि अकरा खुर्च्या फरशीवर घासल्याचा आवाज ऐकून तिचं कपाळ ठणकू लागलं.

मग एका सोमवारी ती आली तर दांडा भिंतीवर होता. मिग्दालियानं जुने लोखंडी अँगल कापून, भिंतीला भोकं पाडून तो स्वतः बसवला होता. नेरेइदानं हात लावून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. मग तिनं उंची पाहिली आणि तिचा पारा चढला.

"वीतभर खाली लावलाय तुम्ही. हा बॅलेचा दांडा आहे, गोठ्याचं कुंपण नाही."

"बाई, आमचे हात जिथं पोचतात तिथं लावलाय."

"माझ्या मुलींना हा कमरेखाली येईल."

"तुमच्या मुली कुठं आहेत आता?" मिग्दालियानं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

नेरेइदानं मनातल्या मनात मोजलं. शेवटच्या तुकडीतल्या चौघी माद्रिदला होत्या, दोघी मायामीत, एक कुठल्याशा जहाजावर प्रवाशांसमोर नाचत होती. उरलेल्यांची पत्रं येत नव्हती. दांडा वर घ्यायला भिंतीत आणखी भोकं पाडली तर अख्खा गिलावा उतरेल, असं मिग्दालिया सांगत राहिली. नेरेइदानं ते धड ऐकलंही नाही. तिनं नुसती टाळी वाजवून सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि गुडघे वाकवायला लावले.

आणि तिला जे दिसलं त्यानं तिचा संताप दुप्पट झाला. दोन वर्षं ती घसा फोडून खांदे खाली ठेवा म्हणत होती, आणि बायका कान झाकल्यासारखे खांदे वर चढवून उभ्या राहत. आज अकराच्या अकरा जणींचे खांदे जागेवर होते, माना मोकळ्या होत्या. आधीचा दांडा त्यांच्यासाठी उंच होता, एवढंच काय ते. हे एकतीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कळलं नव्हतं आणि एका वेल्डरला कळलं होतं.

ती रांगेतून फिरत मिग्दालियापाशी थांबली.

"खांदे बरे आहेत," ती नाइलाजानं म्हणाली. "गुडघे भयंकर आहेत. पुन्हा."