वाट दाखवणारा हात

"अजून थोडा वर घ्या," मी म्हणत होते. शालनताईंचा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. मग कोपरात दुमडला आणि पंजा गळ्याशी जाऊन बसला. बरेच दिवस रोज हेच चाललं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात. शालनताई साठीच्या, माहेर कागलचं. शहराच्या कडेला एका कॉलनीत त्यांचा मिरची-मसाला कांडायचा डंक आहे. सकाळी फिरायला गेल्या असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांचं मंगळसूत्र ओढलं. ते लवकर तुटेना, म्हणून त्या गाडीबरोबर फरफटत गेल्या. खांदा निखळला. सर्जननी तो बसवला आणि पुढं हालचाल परत आणायला त्यांना माझ्याकडं पाठवलं.

हे घरच्यांकडून कळलं; फाइलवर "चेन स्नॅचिंग" एवढंच होतं. त्या स्वतः काही बोलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मी त्यांना "मावशी" म्हटलं, तर अंग चोरून म्हणाल्या, "मावशी म्हणू नगा मला." मी शालनताई म्हणू लागले.

सर्जनना घाई होती. "फ्रोजन शोल्डर झालाय. भूल देऊन हात फिरवून घेऊ."

फ्रोजन शोल्डर म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण आखडणं. असा हात पेशंटला उचलता येत नाही, आणि दुसऱ्यानं उचलला तरी उठत नाही. मला शंका होती. मी शालनताईंना उताणं झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि डंकाचा विषय काढला. चटणीला ब्याडगी मिरची किती, संकेश्वरी किती, लसूण कधी घालायचा, असं त्या सांगत राहिल्या. मी हात हळूहळू उचलत गेले. तो सरळ कानाला लागला.

"सर, सांधा मोकळा आहे. भूल देऊन काय फिरवणार?"

"मग अडकतंय कुठं?"

"गार्डिंग आहे." धोका वाटला की स्नायू आपणहून आवळतात, त्याला आम्ही गार्डिंग म्हणतो. पेशंट ते मुद्दाम करत नाही.

"एमआरआय स्वच्छ आहे. आता कसला धोका?"

ते मलाही माहीत नव्हतं. सर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघा. नाहीतर मी ऑपरेशन थिएटरला घेतो."

आणि नेमक्या शालनताई यायच्या बंद झाल्या. फोनही उचलेनात. मी दुपारी स्कूटर काढली आणि कॉलनीत गेले. घर सापडेना. एका कट्ट्यावर दोन बायका शेंगा सोलत बसल्या होत्या.

"शालनताईंचा डंक कुठं आहे हो?"

दोघी एकमेकींकडं न बघता उठल्या, परात घेऊन आत गेल्या. आतून कडी लागली. पुढच्या घराच्या खिडकीतून आवाज आला, "म्हाईत न्हाय." डंक तिथून चार घरं पुढं होता. मिरचीचा खकाणा माझ्या नाकात शिरत होता.

मी इथलीच. आमच्याकडं पत्ता विचारला की माणूस वळणापर्यंत बरोबर चालत येतो. दार लावून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

डंकात पोचल्यावर शालनताईंना हे सांगितलं.

"त्येंची चूक न्हाय, मॅडम. माझ्यामुळं झालंय."

"तुमच्यामुळं कसं?"

"त्यानं गाडी थांबवली. म्हणला, मावशी, गगनबावड्याला कुठनं जायाचं? म्या हात वर करून दावला. म्हटलं, असं सरळ जावा पावणं. माझं ध्यान रस्त्याकडं. तवाच मागच्यानं गळ्यात हात घातला."

हात कुठं अडकत होता ते मला आता कळलं.

"तवापास्नं हितं कोण कुणाला वाट सांगत न्हाय," त्या म्हणाल्या. "परवा एक म्हातारा लेकीचं घर इचारत उन्हात फिरला. चक्कर येऊन पडला. आम्ही समद्या खिडकीतनं बघत हुतो. दार कुणी उघडलं न्हाय. मी बी न्हाय. शेवटी एका रिक्षावाल्यानं उचलून नेलं. वाचला म्हणं."

मग दवाखाना का सोडला तेही कळलं. दोघं सापडले होते आणि ओळख परेडचं बोलावणं आलं होतं. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत आरोपीला उभं करतात, साक्षीदारानं तो दाखवायचा.

"बोट करायचं असतंय की तिथं. त्येंच्यापुढं माझा हात उठायचा न्हाय. मग कशाला औषदपाणी?"

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी थिएटर रद्द केलं आणि काउन्सेलरला चिठ्ठी लिहिली.

मी व्यायाम बदलला. शालनताईंना त्यांच्याच फाटकात उभं करायचे आणि लांबच्या वस्तू दाखवायला लावायचे. पाण्याची टाकी. नारळाचं झाड. गळा झाकायला डावा हात तिथं ठेवू दिला. काही दिवसांनी तो आपोआप खाली आला. मग त्यांच्या मागं सुनेला उभं केलं. पहिल्यांदा त्या किंचाळल्या. सून रडली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली.

परेडला सून घेऊन गेली. नंतर शालनताई माझ्याकडं आल्या.

"उठला का हात?"

"उठला. वळखला म्या त्येला."

"राग आला असेल."

"माझ्या धाकट्याएवढं पोरगं हाय. मान खाली घालून हुबं. मला म्हणावं वाटलं, लेका, दुसरं कायतरी इचारायचं हुतंस की. वाट कशाला इचारलीस?"

खटला अजून चालू आहे. मंगळसूत्र वितळवलं गेलं होतं, ते मिळालं नाही. हात पूर्ण उठतो, फाइल मी बंद केली. कॉलनीच्या तोंडाला कॅमेरे बसलेत. खिडक्या मात्र लागलेल्याच असतात. शालनताईंनी एकदा एका अनोळखी बाईला बसस्टॉप दाखवला, तर शेजारणींनी त्यांनाच बोल लावला.

आता नवा पेशंट आला की कुठं दुखतंय याआधी मी विचारते, लागलं तेव्हा तुम्ही काय करत होता? अपघातातली माणसं लगेच सांगतात. गुन्ह्याला बळी पडलेल्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ मी धरूनच चालते.