डिझेलचा ट्रक, पेट्रोलचं आरसी बुक

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण चाकणचा तो जुना ट्रक आणि त्यापायी मी दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलेला मिस्त्री, हे दोन्ही स्वच्छ आठवतात. निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते.

सकाळी ठाणे अंमलदाराचा फोन आला. चाकणजवळच्या एका गावात शेडचे कुलूप तोडून जुना अवजड ट्रक पळवला होता आणि तिथल्या वॉचमनच्या डोक्यात रॉड घातला होता. मी पोहोचलो तोवर त्याला बेशुद्धावस्थेत चिंचवडच्या रुग्णालयात हलवले होते. शेडमध्ये रुंद टायरचे वण होते आणि त्याची एक चप्पल.

फिर्यादी म्हणजे ट्रकचे मालक, पंच्याहत्तरीचे, गावातले जुने शेतकरी. जमिनी कंपन्यांत गेल्या, तरी वडिलांचा ट्रक त्यांनी जपला होता. "गाडी गेली तर जाऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "पण त्या वॉचमनला काय झालं तर त्याच्या बायकूला आमी काय तोंड दाखवायचं?"

संशय रहाटणीच्या एका मिस्त्रीवर गेला. वर्षभर तोच ट्रकची दुरुस्ती करत होता. शेडची किल्ली त्याच्याकडे असे, आणि आठवड्यापूर्वी वॉचमनशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले होते. आदल्या दिवशी शेडकडे फिरकलोच नाही, असे त्याने सांगितले. शेजारच्या कंपनीच्या कॅमेऱ्यात मात्र तो दुपारी दुचाकीवरून तिकडे जाताना दिसला. खोटे सापडले की पोलिसाला अर्धा गुन्हा उलगडल्यासारखे वाटते. मलाही वाटले.

"काल तिकडे गेलोच नाही, असं का म्हणालास?"

"भीती वाटली साहेब. आमचं वाजलं होतं, हे सगळ्या गावाला माहितीये. मी फक्त फॅन बेल्टचं माप घ्यायला गेलो होतो."

"किल्ली कुणाला दिलीस?"

"चोरांकडे किल्ली असती तर त्यांनी कुलूप कशाला तोडलं असतं?"

उत्तर बिनतोड होते. मला ते उद्धट वाटले. त्याला संध्याकाळी सोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावून बाकावर बसवले. मी बाहेर पडताना तो उठून उभा राहिला. "साहेब, गाडी सापडली तर मला एकदा दाखवा. मी ओळखीन."

"तुझं नंतर बघतो," म्हणून मी निघून गेलो.

दुपारी आमच्या हवालदाराच्या खबऱ्याने बातमी दिली. एमआयडीसीतल्या एका गोदामात नुकताच रंगवलेला जुना ट्रक उभा आहे, आणि संध्याकाळी तो ट्रेलरवर चढवून परराज्यात जाणार आहे. आम्ही गेलो तेव्हा ट्रेलरची फळी खाली टाकलेलीच होती.

गोदामवाला जुन्या गाड्यांचा व्यापारी होता. त्याने शांतपणे फाईल पुढे केली. ट्रकचा चेसिस नंबर त्याच्या कागदांशी जुळत होता. मालकांचे आरसी बुक माझ्या हातात होते. त्यावर त्याने बोट ठेवले.

"यांच्या पुस्तकात इंधन काय लिहिलंय? पेट्रोल. माझी गाडी कंपनीतूनच डिझेलवर आलीये, हे बघा कागद. दोन वेगळ्या गाड्या आहेत, साहेब."

मी मालकांना फोन लावला. ते गडबडले. "आमची डिझेलवरच चालायची. वडलांनी इंजिन बदलून घेतलं म्हणायचे. पण नोंद केलीच न्हाई कधी."

तोंडी सांगण्याला कागदापुढे किती किंमत? आरटीओच्या निरीक्षकांना बोलावले. ते म्हणाले, नंबर पुन्हा ठोकला असेल तर प्रयोगशाळा सांगेल, पण त्याला दिवस लागतील. व्यापाऱ्याच्या वकिलाने वर फोन केला होता. वरून मला विचारणा झाली, "पुरावा आहे का? नसेल तर अडवू नका." तेवढ्यात रुग्णालयातून कळले, वॉचमनच्या मेंदूत रक्त साकळले आहे, शस्त्रक्रियेला नेत आहेत. तो गेला तर हा खुनाचा गुन्हा होणार होता. आणि समोर ट्रेलरचे इंजिन सुरू होते.

तेव्हा मला बाकावरचा मिस्त्री आठवला.

मी ठाण्यात फोन केला. "त्याला गाडी दाखवायच्या आधी, तो ती कशावरून ओळखणार ते लिहून घ्या. सही घ्या. मग आणा."

तासाभराने जबाबाचा कागद आणि मिस्त्री दोन्ही आले. पंचांसमोर मी कागद वाचला आणि त्याला विचारले, "जुने मोठे ट्रक कंपनीतून डिझेलवर यायचे ना?"

"काही यायचे. पण हे मॉडेल पेट्रोलवरच यायचं. डिझेल इथल्या मिस्त्र्यांनी मागाहून बसवलं. डिझेल इंजिन लांब, म्हणून रेडिएटर पुढं सरकवावा लागतो. पेट्रोलला गाडी सुरू करताना ओढायचा चोक असतो, डिझेलला नाही. चोकचं भोक डॅशबोर्डवर राहतंच."

डॅशबोर्डखाली हात घातला तर भोकावर आतून रिव्हेट मारलेली पत्र्याची गोल चकती लागली. रेडिएटरच्या पट्ट्या कापून पुढे जोडलेल्या होत्या. व्यापारी म्हणाला, "असे बदललेले ट्रक शंभर असतील."

त्याचे म्हणणे खरे होते. मी जबाबातली शेवटची ओळ वाचली: 'इंजिन ज्यावर टेकते त्या डाव्या पायाजवळ चेसिसवर पाच भोके आहेत. गेल्या वर्षी तो पाय पक्का करताना पाचव्यात माझे ड्रिलचे बिट मोडले. ते आतच आहे.'

हवालदार टॉर्च घेऊन खाली सरकला. रंग खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग खालून तो ओरडला, "आहे साहेब! मोडकं बिट आहे!"

व्यापारी खुर्चीत बसला. पाणी मागितले. पाणी पिऊन तो सगळे सांगू लागला. मालकांनी ट्रक विकायला नकार दिल्यावर त्याने माणसे पाठवली होती. भंगारात गेलेल्या एका डिझेल ट्रकचे कागद आणि नंबर याला चढवले होते. "मारायला सांगितलं नव्हतं," हे तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. रात्र पडायच्या आत रॉड मारणारा ताब्यात होता.

वॉचमन वाचला. दहाव्या दिवशी त्याने डोळे उघडले. परभणीकडची त्याची बायको मला म्हणाली, "साहेब, मला वळखलं त्यानं." डावा हात मात्र अधू राहिला. मालकांनी त्याला कामावरून काढले नाही.

मिस्त्रीच्या गॅरेजवर मी साध्या कपड्यांत गेलो. दोन दिवस पोलिसांत बसलेला माणूस म्हणून काही गिऱ्हाइके तुटली होती. चूक झाली, असे मी म्हणालो. त्याने हात पुसले, स्टूल पुढे केले.

"खोटं मी बोललो, ते माझं चुकलं. पण साहेब, दोन दिवसांत तुम्ही मला शंभरदा विचारलं, कुठं होतास. ट्रकबद्दल एक शब्द विचारला नाही."

भीतीपोटी खोटे बोलणारा आणि गुन्हा लपवायला खोटे बोलणारा, दोघे बाकावर सारखेच दिसतात. इतक्या वर्षांत मी त्यांच्यातला फरक ओळखायला शिकलो आहे, असे समजत होतो. त्या बाकावर याआधी असे किती जण बसले असतील, ज्यांना मी योग्य प्रश्न विचारलाच नाही, हा हिशेब आता लागणार नाही. चहा झाल्यावर मी उठलो, तेव्हा रस्त्यापर्यंत तो सोडायला आला. शेजारच्या दुकानदारांना दिसेल असा त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी काही वेळ तिथे उभा राहिलो. तेवढेच माझ्या हातात होते.